धारेवरचे नाना

राहात्यात पाऊस पडतो त्यापेक्षा वाचला जास्त जातो. जून लागला की चहाच्या टपरीवर पेपरचं आतलं पान आधी उघडतं. घाटघर, रतनवाडी, पांजरे, वाकी, भंडारदरा अशी नावांची ओळ आणि प्रत्येकापुढे मिलिमीटर. आमच्या नशिबी वर्षाकाठी साडेचारशे-पाचशे मिलिमीटर. आमच्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, घाटघरात, एखाद्या साली पाच हजारांचा आकडाही मागे पडतो. ढग कळसूबाईच्या रांगेवर सगळा माल उतरवतात आणि आमच्या डोक्यावरून रिकामे जातात. त्यामुळे भंडारदऱ्यात किती टीएमसी झालं, निळवंडे कितीवर आलं, एवढं वाचून इथला माणूस समाधानाने दुकान उघडतो. पाऊस कुणाच्या का डोक्यावर पडेना, पाणी कालव्याने आलं म्हणजे झालं.

नाना या व्यवहारात बसत नाहीत. त्यांना पाऊस अंगावर लागतो. तोही उभा नको, आडवा पाहिजे. पुढचा माणूस दिसता कामा नये, छत्री उलटलीच पाहिजे, आणि हे सगळं दोन्ही बाजूंना दरी असलेल्या एखाद्या धारेवर घडलं पाहिजे. आभाळ निरभ्र असलं की नानांना कणकण वाटते. डिसेंबरात कुणी म्हणालं, "नाना, हवा काय सुंदर पडलीय, चला रतनगडाला," तर नाना त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघतात. "हवा चांगली असताना घरी बसायला काय झालं तुम्हाला?"

असा एक इसम पर्जन्यछायेतल्या प्रत्येक गावात असतो. कोपरगावात एक आहे. श्रीरामपुरात दोन आहेत, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत. राहात्यातले ते आमचे नाना.

वय साठीच्या अलीकडे, उंची बेताची, वजन ओल्या कपड्यांसकट पंचावन्न किलो. नगर-मनमाड रस्त्यालगत कृषी सेवा केंद्र आणि चितळीच्या अंगाला पेरूची बाग. गंमत अशी, की बागेवर नानांना पाऊस अजिबात खपत नाही. पावसाळी पेरू पाणचट लागतो, फळमाशी पडते, भाव कोसळतो. म्हणजे ढग राहात्यावर थांबला तर नाना त्याला शिव्या घालतात आणि तोच शंभर किलोमीटर पश्चिमेला गेला की त्याच्या दर्शनाला निघतात. हे काही जुळत नाही, असं मी एकदा म्हणून पाहिलं. नाना म्हणाले, "मास्तर, पावण्यानं त्याच्या घरी कसंबी वागावं. आपल्याकडं आला की शिस्तीत राहावं."

डोंगरावरचं त्यांचं सगळं सामान दुकानातलं. रेनकोट म्हणजे मलचिंग पेपरचा उरलेला तुकडा, चंदेरी बाजू बाहेर, काळी आत, मधोमध डोक्यापुरतं भोक आणि कमरेला सुतळी. लांबून पाहिलं तर टोमॅटोचा बेड चालत आल्याचा भास होतो. कोरडे कपडे युरियाच्या गोणीतल्या आतल्या प्लॅस्टिकमध्ये, एकात एक अशा दोन पिशव्यांत. पाठीवर ताडपत्री. पायात मात्र ॲक्शनचे ट्रेकिंग बूट. काळ्या कातळावर याच्याएवढी पकड कशालाच नाही आणि भावातही परवडतं, हे नानांचं मत पुण्या-मुंबईच्या कितीतरी जुन्या ट्रेकर मंडळींशी जुळतं. पिशवीत बोअरवेलमध्ये मोटर सोडायची पिवळी दोरीही असते. नवा गडी ती पाहून म्हणतो, "नाना, कडा आला की कमरेला बांधू ही." नाना दोरी मागे ओढतात. "ही मोटरची हाये. मोटर पडली तर दुसरी आणता येती. माणसाला बांधायची दोरी येगळी असती, बांधणाराबी येगळा असतो." मग ही दोरी आणायची कशाला? ताडपत्री ताणायला.

हवामान खात्याच्या रंगांचा नानांनी स्वतःपुरता अर्थ लावलेला आहे. यलो अलर्ट म्हणजे बातमी. ऑरेंज अलर्ट म्हणजे गाडीत डिझेल भरा. रेड अलर्ट आला की नाना दुकानाच्या पायरीवर येऊन पश्चिमेकडे बघत उभे राहतात. तिकडे नेहमीसारखं लख्ख ऊन असतं. "चाललंय तिकडं," असं म्हणून ते आत येतात आणि ग्रुपवर निरोप टाकतात: पहाटे चारला, पेट्रोल पंपासमोर.

काकूंना हा निरोप सगळ्यात शेवटी कळतो आणि सगळ्यात आधी त्याच बोलतात. "आवो, न्हाणीघरात शॉवर बसवलाय की. त्याच्याखाली उभं राहा अन् मी वरून पंखा लावते." नाना गप्प. "गुडघ्याला तेल मी चोळायचं. चिखलाचे कपडे मी धुवायचे. अन् तुम्ही म्हणं देवीला चाललात." कळसूबाईची कथा काकूंना चांगली ठाऊक आहे. कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली ती या अटीवर, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एक दिवस तिला भांड्यांना बसवलं. तिने भांडी घासली ती डोंगराच्या वाटेवर, आणि तशीच वर निघून गेली ती परत आलीच नाही. काकू म्हणतात, "तिला एकदाच घासायला लावली तर एवढा मोठा डोंगर चढली. माझी तर पस्तीस वर्षं झाली. मी निघाले तर तुम्हाला बघायला यावं लागंल." तरीही पहाटे साडेतीनला बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पिशवीभर पेरू तयार असतात. पेरू देताना काकू एवढंच बजावतात, "बिया दातात अडकल्या तर वर डॉक्टर नाही."

लोणी, संगमनेर, अकोले. वाटेत नाना रस्ता बघत नाहीत, वायपर बघतात. संगमनेरपर्यंत वायपर झोपलेला. अकोल्याच्या अलीकडे काचेवर दोन-चार थेंब पडले की नाना सीटवर पुढे सरकतात. विठे घाट चढताना वायपर पहिल्या गतीवर आणि राजूर आलं की दुसऱ्या. राजूरला पेढे घ्यायचे, ते देवीसाठी. देवीपर्यंत ते किती वेळा पोचले हा वेगळा विषय, तो पुढे येईलच. शेंडीत शिरलं की डावीकडे धरणाची भिंत आणि नानांचं व्याख्यान सुरू. १९२६ साली पुरं झालेलं हे धरण मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावाने विल्सन डॅम म्हणून ओळखलं जातं. यातून निघालेलं प्रवरेचं पाणी खाली डाव्या कालव्याने आमच्याच तालुक्यात लोणी-बाभळेश्वराकडे येतं. "म्हंजी आपण उनाडायला चाललेलो नाही," नाना बजावतात, "आपल्या पाण्याची वरून तपासणी करायला चाललोय."

कळसूबाईच्या पायथ्याला, बारीत पोचेपर्यंत उजाडलेलं असतं, म्हणजे काळ्याचं करडं झालेलं असतं. खाचरांत आवणी चाललेली. पोत्याच्या आणि प्लॅस्टिकच्या खोळा डोक्यावर घेऊन वाकलेली माणसं क्षणभर सरळ होतात, आमच्याकडे बघतात आणि पुन्हा वाकतात. ज्यांना हा पाऊस टाळता येत नाही, त्यांनी पैसे खर्चून भिजायला आलेल्यांकडे याहून जास्त काय बघायचं? नाना थेट एका म्हाताऱ्याच्या ओसरीवर जातात. गेली कित्येक वर्षं हा म्हाताराच नानांचं हवामान खातं आहे. उपग्रह काहीही सांगो. म्हातारा बिडी विझवून आभाळाकडे नव्हे, ओढ्याकडे बघतो. पाणी गढूळ आहे का, आवाज कालच्यापेक्षा वाढला आहे का, याच्यावर त्याचा निकाल. "जावा शिडीपोत," म्हणतो, नाहीतर "आज बाईनं दार लावलंय." दार लावलं असेल तर नाना तिथूनच माघारी फिरतात. चहा मात्र दोनदा होतो.

कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातली सगळ्यात उंच जागा. बारीची वाट तशी मळलेली आहे. शनिवार-रविवारी तर तिच्यावर रांग लागते. अवघड टप्प्यांना लोखंडी शिड्या आहेत. धोका वाटेत नाही, वाटेवरच्या माणसांत आहे, असा नानांचा सिद्धांत. गळ्यात स्पीकर अडकवून गाणी वाजवत येणारे, शिडीच्या मध्यावर थांबून सेल्फी काढणारे, चपला घालून आलेले, आणि छत्री घेऊन धारेवर उभे राहणारे. या शेवटच्या जातीवर नानांचा विशेष राग. "छत्री मिटव बाळा. खाली पोचशील, पण दोन मिनटात."

पाऊस, वारा आणि धुकं एकत्र आलं की नानांचा आवाज चढतो. गावात दुकानात बसलेले नाना आणि धारेवरचे नाना हे दोन निराळे गृहस्थ आहेत. पहिल्यांना उधारी मागता येत नाही. दुसरे तहसीलदारालासुद्धा रांगेत उभं करतील. "हिरवं शेवाळ दिसतं, ते सोडा. काळं दिसत नाही, ते पाडतं." "गवताला धरू नका, गवत तुम्हाला धरून उभं हाये." "दोन हात, दोन पाय. एका टायमाला एकच हालवायचा. दोन हालले की तिसरा आपोआप हालतो." "थांबायचं तर वाऱ्याच्या आडोशाला थांबा, धारेवर कोण थांबतं?" वाक्यं सगळी दरडावणीची, पण एकही चुकीचं नाही. उंचीवर तापमान खाली येतं हे खरं, मात्र माणसाला गारठवतात ते ओले कपडे आणि वारा. थंडीचे दिवस नसताना, भर जुलैतही, भिजून वाऱ्यात बसलेला माणूस कापायला लागतो. मग बोलणं अडखळतं, बोटांना बटण लागत नाही, आणि शेवटी तो मुकाट होतो. नानांचा याबाबतचा कायदा एका ओळीचा आहे: बडबड्या गप्प झाला की समजायचं गारठला, तिथंच कोरडे कपडे आणि तोंडात गोड.

हा कायदा एकदा नानांवरच चालला.

जूनचा पहिला आठवडा होता. मोसमी पाऊस अजून बसलेला नव्हता, वळवाचा जोर होता. पहिली शिडी मागे पडली, दुसरीच्या पायथ्याशी आम्ही पोचलो, आणि एकाएकी नाना गप्प झाले. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग पतसंस्थेतल्या पोराने मागे वळून पाहिलं. नाना खांब धरून उभे, डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलताहेत, आवाज नाही. गेल्या दीड तासात शांतता अशी झालीच नव्हती. "नाना गारठले!" पोरगं ओरडलं. मग काय विचारता! दोघांनी त्यांना धरून खाली बसवलं. एकाने ताडपत्री गुंडाळली. मी तळहात चोळायला लागलो. पोराने ग्लुकोज बिस्किटाचा पुडा फोडून एकदम तीन बिस्किटं नानांच्या तोंडात कोंबली. नाना हातपाय झाडायला लागले. आम्हाला वाटलं, झटका. पोराने चौथं कोंबलं.

नानांनी सगळी बिस्किटं आमच्या अंगावर थुंकली. "आरं गाढवांनो, मोजतोय मी!"

ते विठ्ठल मोजत होते. लांबवर वीज चमकली की लगेच मनात सुरू करायचं: एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल. गडगडाट कानावर आला की थांबायचं. एक विठ्ठल म्हणायला साधारण एक सेकंद लागतो आणि आवाजाला किलोमीटरभर यायला तीन सेकंद. म्हणजे तीन विठ्ठल झाले तर वीज एक किलोमीटरवर. पहिल्यांदा त्यांनी मोजले तेव्हा अकरा झाले होते. पुढच्या वेळी सात. तिसऱ्यांदा चौथ्या विठ्ठलावर असतानाच त्यांच्या तोंडात बिस्किटं गेली आणि हिशेब मोडला.

तेवढ्यात पुन्हा लख्ख झालं. आम्ही सगळेच मोजायला लागलो. तिसरा विठ्ठल पुरा झाला नाही.

"लोखंडाचा हात सोडा," नाना म्हणाले. आवाज अगदी खालचा. "शिडीपासून लांब. माघारी. घोळका करू नका, अंतर ठेवून चला. झाडाखाली कुणी उभं राहायचं नाही." वरून येणारे सात-आठ जण शिडी उतरत होते, त्यांना नानांनी हाताने खुणावून भराभर खाली घेतलं. खालून येणाऱ्या टोळक्याला त्यांनी वाटेतच आडवं घातलं. त्यातला एक म्हणाला, "काका, एवढ्या लांबून आलोय, वीस मिनिटांत टॉप आहे." नाना म्हणाले, "टॉप कुठं जात नाही. पळून जायची सवय आपल्याला असावी." धार सोडून आम्ही बरंच खाली आलो तरी नाना मोजतच होते. सात झाले, बारा झाले, वीस झाले, आणि मग त्यांची बडबड पूर्ववत सुरू झाली. पोराच्या कपड्यांवर अजून बिस्किटाचा लगदा होता.

नानांची खरी ख्याती याच्याच पुढे सुरू होते. नाना वर पोचतात क्वचित, पण परत आल्यावर वर न पोचल्याचं जे वर्णन करतात, ते पोचलेल्यालाही जमणार नाही. राहात्यात टपरीवर प्रश्न ठरलेला: "झालं का देवीचं दर्शन?" उत्तर कधीही 'नाही' असं नसतं. "जवळजवळ." "देवळाचा वास येत होता." "शेवटची शिडी राहिली, पण ती काय, शिडीच हाये ना, देवी थोडीच शिडीत हाये." एकदा तर म्हणाले, "वर देऊळ हाये, ते मला माहीत हाये. धुक्यात ते दिसलं नसतं. मंग न दिसणारं देऊळ वरून न पाहिलं काय अन् खालून न पाहिलं काय?" देवीसाठी घेतलेले पेढे परतीच्या वाटेवर संपतात. राजूरच्या पेढ्यांचा खरा धंदा अर्ध्यातून परतणाऱ्यांवर चालतो, असं काकूंचं म्हणणं.

अलंग-मदन-कुलंग या गडांचा बेत तर नानांनी कित्येक वर्षं ताजा ठेवला आहे. इंग्रजांनी पायऱ्या उडवल्यामुळे तिथे सरळ कातळटप्पे चढावे लागतात. दोर लागतो, जाणकार लागतो आणि कातळ कोरडा लागतो. म्हणजे पावसाळ्यात जाता येत नाही, आणि पावसाळा संपला की नाना येत नाहीत. सांदणच्या घळीचंही तसंच. पावसात ती माणसाची वाट नसून पाण्याची असते, म्हणून नाना त्या दिवसांत साम्रद गावाच्या पुढे पाऊल टाकत नाहीत. प्रशासनाने एखाद्या ठिकाणी बंदीचा फलक लावला असेल तर नाना फलकाशेजारी उभं राहून फोटो काढतात, शेजारच्या टपरीवर कांदाभजी खातात आणि माघारी येतात. हीसुद्धा मोहीम म्हणून धरली जाते.

नानांचा पुतण्या स्कॉटलंडमध्ये संगणकाची नोकरी करतो. त्याच्याकडून कळलेल्या एका गोष्टीने नानांची छाती कायमची फुगली आहे. ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस, उंची १३४५ मीटर. "सायबाचा सगळ्यात मोठा डोंगर आपल्या कळसूबाईपुढं तीनशे मीटर बुटका!" दुकानात युरिया घ्यायला आलेल्या प्रत्येकाला हे ऐकावं लागलं. मग पुतण्याने आणखी माहिती पुरवली. त्या शिखरावर बहुतेक दिवस ढग असतो, वरून उतरताना दोन्ही अंगांना कडे आहेत, धुक्यात होकायंत्र बघून पावलं मोजत उतरावं लागतं, आणि १८८३ ते १९०४ अशी एकवीस वर्षं शिखरावर वेधशाळा होती, तिथे माणसं राहून तासातासाला हवामान लिहून ठेवत. नाना हळवे झाले. "एकवीस वर्षं! पगारी! अन् मी इथं औषध फवारणीचे पंप विकतोय." त्या वेधशाळेत १८९४ साली विल्सन नावाचा तरुण शास्त्रज्ञ काही दिवस राहिला. ढगांवर सावलीभोवती पडलेली रंगीत कडी पाहून तो इतका भारला, की प्रयोगशाळेत ढग करायला बसला आणि पुढे १९२७ साली त्याला नोबेल मिळालं. आपल्या हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर याच रंगीत वलयांना इंद्रवज्र म्हणतात, आणि कर्नल साईक्सने तिथे ते पाहिल्याची नोंद आहे. नानांनी या सगळ्यातून एकच गोष्ट उचलली. तेव्हापासून शेंडीला धरण आलं की ते सांगतात, "हाच तो विल्सन. ढगावाला." दोन विल्सन वेगळे आहेत, हे मी समजावून थकलो. नाना म्हणतात, "मास्तर, ढगाचा अभ्यास केल्याबिगर धरण कोण बांधंल?"

एका ऑगस्टात मात्र धुक्याने खरी परीक्षा घेतली. शेवटच्या शिडीच्या अलीकडून नेहमीप्रमाणे 'जवळजवळ' दर्शन घेऊन आम्ही उतरत होतो. दहा पावलांपुढचं काही दिसत नव्हतं. आमच्यातले दोघे चपळ गडी पुढे झाले आणि मळलेली दिसणारी एक गवताळ सोंड धरून उतरायला लागले. नानांनी शिट्टी फुंकली, पिकांवरची पाखरं उडवायची शिट्टी. "माघारी!" "नाना, वाट आहे की!" "ढोरांची हाये. माणसाच्या वाटेवर गुटख्याची पुडी असती. दहा पावलांत एकबी पुडी दिसली नाही तर ती वाट आपली नाही." दोघे कुरकुरत वर आले. शोध सुरू झाला. थोडं वर चढून उजवीकडे गेल्यावर चिखलात एक लाल पुडी चमकली, पुढे चिप्सचं पाकीट, त्याच्या पुढे पाण्याची बाटली. स्वच्छतेच्या नावाने आयुष्यभर ओरडलेले नाना कचऱ्याचा माग काढत आम्हाला बारीत घेऊन आले. वाटेत त्यांनी तो सगळा गोळाही केला, "उद्याच्याला काय दिसंल मंग?" हा प्रश्न मी विचारेपर्यंत. त्यावर ते थबकले, जरा विचार केला, आणि गोळा केलेल्यातली एक पुडी फाट्यावर दगडाखाली ठेवून आले.

धुक्यात उतरणं चढण्यापेक्षा फसवं का, हेही नानांनी त्याच दिवशी सांगितलं. चढताना चारी बाजूंच्या सोंडा शिखराशी एकत्र येतात. कुठूनही चढा, वरच पोचता. उतरताना त्याच सोंडांना फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा आपणच खरी वाट असल्यासारखा वागतो. "कारखान्याच्या निवडणुकीसारखं," नाना म्हणाले. "चढताना सगळे एका पॅनलमधी. उतरायला लागले की बघा."

पुढे जानेवारीत एका लग्नाच्या निमित्ताने अकोल्याला गेलो होतो. नवरदेवाच्या मित्रांनी हट्टाने नानांना कळसूबाईवर नेलं. आभाळ निळंशार, वारा नावाला. नाना रडवेल्या चेहऱ्याने चढले आणि प्रथमच आमच्यादेखत थेट देवळापर्यंत पोचले. वरून अलंग, मदन, कुलंग ओळीने उभे, रतनगडाचा खुटा, खाली भंडारदऱ्याचं पाणी. सगळे हरखले. नाना म्हणाले, "सगळंच दिसतंय. काय उरलं मंग?" उतरताना ऑगस्टातला तो फाटा आला. ती गवताळ सोंड उन्हात स्पष्ट दिसत होती. पन्नास-साठ पावलं छान उतरत जाऊन ती जिथे संपत होती, तिथून खाली गवत नव्हतं, काहीच नव्हतं. सरळ कडा होता. ते दोघे गडी बराच वेळ तिकडे बघत राहिले. नाना त्या दगडापाशी वाकले. पुडी जागेवर होती. "बघा," म्हणाले, "सरकारी पाटी असती तर कवाच गेली असती."

नानांची थट्टा राहात्यात भरपूर होते आणि ती व्हायलाच हवी. पण एक हिशेब कुणी मांडत नाही. दर पावसाळ्यात सह्याद्रीत पाय घसरून, वाट चुकून, पाण्याच्या लोंढ्यात सापडून माणसं जातात, आणि त्यातल्या अनेकांना शिखर वीस मिनिटांवरच राहिलेलं असतं. इतक्या वर्षांत नानांबरोबर भर पावसात डोंगरावर गेलेल्यांपैकी प्रत्येक जण आपापल्या पायांनी घरी आलेला आहे, भिजलेला, चिडलेला आणि दर्शनाविना. वर चढायला जिद्द लागते, ती आजकाल रीलमध्येही भरपूर मिळते. माघारी फिरायला मात्र चार लोकांत हसं करून घ्यायची तयारी लागते, आणि ती नानांनी आयुष्यभर बाळगली.

तेव्हा पावसाळ्यात कळसूबाईला जायचं मनात असेल तर आमच्या राहात्यात येऊन आधी नानांना विचारा. नाना 'नको' म्हणाले तर पेरू घेऊन घरी जा. 'चला' म्हणाले तर बारीतल्या म्हाताऱ्याला विचारा. तोही 'जावा' म्हणाला तर खुशाल जा, विठ्ठल मोजत जा, आणि छत्री घरी ठेवा.